जे. बी. डांक्वा: न्यायालयाने मतपेटीकडे पाठवलेला वकील

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. घानाचे जे. बी. डांक्वा एवढे मोठे वकील होते, स्वातंत्र्याच्या चळवळीत पहिल्या फळीत होते, तर लोकांनी त्यांना मतं का दिली नाहीत? आणि ज्या स्थानबद्धता कायद्याविरुद्ध, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याविरुद्ध, ते न्यायालयात उभे राहिले, त्याच कायद्याखाली ते तुरुंगात वारले, हे खरं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. हो, खरं आहे. २८ ऑगस्ट १९६१ रोजी घानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू फेटाळली. ३ ऑक्टोबर १९६१ रोजी, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्यात, त्यांनाच त्या कायद्याखाली आत टाकलं. जून १९६२मध्ये सोडलं. ८ जानेवारी १९६४ रोजी पुन्हा पकडलं आणि ४ फेब्रुवारी १९६५ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी, राजधानी अक्राच्या उत्तरेला असलेल्या न्सावामच्या तुरुंगात ते वारले. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता, शिक्षा नव्हती.

माझ्या वकिलीचा बराच भाग स्थानबद्धतेच्या याचिकांमध्ये गेला आहे. एमपीडीए, त्याआधी कोफेपोसा, क्वचित रासुका, हे सगळे आपल्याकडचे स्थानबद्धतेचे कायदे. त्यामुळे डांक्वांकडे मी इतिहासातला पुढारी म्हणून कमी आणि आपल्याच धंद्यातला थोरला माणूस म्हणून जास्त पाहतो. उत्तर त्या अंगाने येईल, थोडं लांबेल.

जोसेफ बोआके डांक्वा यांचा जन्म १८९५चा, तेव्हाच्या गोल्ड कोस्ट वसाहतीतल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, बेपाँग गावचा. वडील आधी आक्येम अबुआक्वाच्या राजदरबारात मुख्य ढोलवादक होते, नंतर बासेल मिशनचे प्रचारक झाले. घरात एका पिढीतच दरबार आणि चर्च दोन्ही होतं. थोरला सावत्र भाऊ १९१२मध्ये त्या राज्याचा राजा झाला: नाना ओफोरी आट्टा पहिला. इंग्रजांशी जुळवून घेणारा, पण अत्यंत हुशार आणि वजनदार माणूस. डांक्वांच्या आयुष्यात या भावाचा हात सगळीकडे दिसतो, फायद्यातही आणि तोट्यातही.

शाळा संपल्यावर ते अक्रामध्ये एका बॅरिस्टरकडे कारकून म्हणून लागले, मग न्यायालयात कारकुनी केली, मग भावाच्या दरबारी न्यायमंडळाचे चिटणीस झाले. हा काळ चरित्रांमध्ये दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण तिथेच झालं. गावचा जमिनीचा वाद, वारसाहक्काचा वाद, गादीवर कोण बसणार हा वाद, हे सगळं रूढीच्या कायद्याने कसं चालतं ते त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलं. डांक्वांच्या आकान समाजात वारसा आईच्या वंशाकडून जातो. इंग्रजी कायदा शिकून आलेल्या वकिलाला ते पुस्तकातून समजून घ्यावं लागे. डांक्वांनी ते आधी कामातून शिकलं आणि इंग्रजी कायदा नंतर. १९२८मध्ये त्यांनी आकान कायदे आणि रूढींवर पुस्तक लिहिलं, त्याच्या मागे हे दिवस आहेत.

१९२१मध्ये भावाने त्यांना लंडनला पाठवलं. लंडन विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते दोनदा नापास झाले, तिसऱ्या वेळी पास झाले, आणि मग थांबले नाहीत. युनिव्हर्सिटी कॉलेजमधून मनाचं तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र यांसाठीची जॉन स्टुअर्ट मिल शिष्यवृत्ती, १९२६मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर, १९२७मध्ये नीतिशास्त्रावर डॉक्टरेट. पश्चिम आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांची लंडनमध्ये नुकतीच एक संघटना निघाली होती, तिच्या मासिकाचं संपादनही केलं. त्या पिढीला ब्रिटिश साम्राज्याशी भांडायचं होतं ते ब्रिटिश साम्राज्याच्याच भाषेत: अर्ज, निवेदन, शिष्टमंडळ, खटला. आपल्याकडच्या रानडे-गोखल्यांच्या पिढीची आठवण यावी असं हे वळण आहे.

परत आल्यावर अक्रामध्ये वकिली सुरू केली आणि १९३१मध्ये एक दैनिक काढलं, 'टाइम्स ऑफ वेस्ट आफ्रिका'. त्यात स्त्रियांसाठीचं एक सदर टोपणनावाने चाले आणि ते फार गाजलं. ते लिहिणाऱ्यांमध्ये मेबल डोव्ह यांचं नाव सगळ्यांत मोठं. डांक्वांनी १९३३मध्ये त्यांच्याशी लग्न केलं. पुढे दोघे वेगळे झाले. मेबल डोव्ह यांचा उल्लेख मी मुद्दाम करतोय, त्या पुढे परत येणार आहेत.

१९४३मध्ये ओफोरी आट्टा वारले आणि १९४४मध्ये डांक्वांसमोर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड फौजदारी खटला आला. राजाच्या अंत्यविधींच्या वेळी आपेद्वा गावचा प्रमुख आक्येया मेन्सा नाहीसा झाला. विधीसाठी त्याचा बळी दिला असा आरोप राजघराण्यातल्या आठ जणांवर आला. आठही जणांना फाशीची शिक्षा झाली. आरोपी डांक्वांचे नातेवाईक होते. डांक्वांनी अपील केलं, साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, नेलं, तिथे हरल्यावर पुन्हा नवे अर्ज केले. फाशीची तारीख ठरायची आणि पुढे जायची. ब्रिटिश संसदेत गोंधळ झाला, गव्हर्नर ॲलन बर्न्स टेकीला आले. शेवटी १९४७च्या मार्चमध्ये तिघांना फाशी दिली, बाकीचे वाचले.

या खटल्यावरून डांक्वांवर आजही टीका होते, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. एक माणूस मारला गेला होता आणि त्याच्या घरच्यांना न्याय हवा होता. पण वकील म्हणून मला त्यात दुसरंही दिसतं. फाशीच्या कैद्यासाठी उपलब्ध असलेला प्रत्येक दरवाजा ठोठावायचा, एक बंद झाला की पुढच्याकडे जायचं, आणि राज्यकर्त्याच्या चिडण्याची पर्वा करायची नाही, ही सवय त्यांना इथे लागली. सतरा वर्षांनी आकोटो खटल्यात, म्हणजे स्थानबद्धता कायद्याविरुद्धच्या त्या १९६१च्या अपिलात, हीच सवय कामी आली.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे.

४ ऑगस्ट १९४७ रोजी सॉल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावात 'युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन' हा पक्ष स्थापन झाला. अध्यक्ष लाकडाचे व्यापारी जॉर्ज 'पा' ग्रँट, आणि डोकं मुख्यतः डांक्वांचं. बाकी मंडळीही बरीचशी वकील आणि व्यापारी. सगळ्यांना दिवसभर आपापला धंदा होता. पूर्णवेळ काम करणारा सरचिटणीस हवा होता, म्हणून आको आजे यांनी लंडनमधल्या एका ओळखीच्या कार्यकर्त्याचं नाव सुचवलं: क्वामे एनक्रुमा, जे पुढे घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ते १९४७च्या डिसेंबरात आले.

पुढचे दोन महिने तुम्ही पुस्तकात वाचले असतील. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी दुसऱ्या महायुद्धात लढलेले माजी सैनिक आपलं गाऱ्हाणं घेऊन गव्हर्नरच्या निवासाकडे निघाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे ठार झाले, अक्रा पेटलं. डांक्वांनी लंडनला तार केली आणि सत्ता हाती घ्यायची तयारी जाहीर केली. सरकारने सहा नेत्यांना पकडून उत्तरेकडे नेलं. हेच घानाचे 'बिग सिक्स': डांक्वा, एनक्रुमा, आको आजे, एडवर्ड आकुफो-आडो, विल्यम ओफोरी आट्टा आणि ओबेत्सेबी-लाम्टे. चौकशीसाठी आलेल्या वॉटसन आयोगाने डांक्वांबद्दल लिहिलं की गोल्ड कोस्टच्या राजकारण्यांमध्ये हे ज्येष्ठ, आणि जन्माचा योग वेगळा असता तर नामांकित राजा झाले असते.

यानंतर इंग्रजांनी नवी राज्यघटना सुचवायला चाळीस आफ्रिकी सदस्यांची कूसी समिती नेमली. डांक्वा तिच्यात होते. एनक्रुमांना घेतलं नव्हतं. माझ्या मते निवडणुकांचा निकाल इथेच लागला, १९५१मध्ये नव्हे. डांक्वा समितीच्या टेबलावर मसुद्याच्या कलमांवर वाद घालत होते, तेव्हा एनक्रुमा गावोगाव फिरत होते. प्राथमिक शाळा शिकून कारकुनी, गाडी चालवणं, छोटा धंदा करणारी जी तरुण मुलं होती, ज्यांना ना दरबारात जागा होती ना वकिलांच्या बैठकीत, ती सगळी एनक्रुमांकडे गेली. बाजारात बसणाऱ्या बायका गेल्या. जून १९४९मध्ये एनक्रुमांनी स्वतःचा पक्ष काढला. एका पक्षाचं म्हणणं होतं, शक्य तितक्या लवकर स्वराज्य. दुसऱ्याचं म्हणणं होतं, आत्ता स्वराज्य. सभेत कोणतं चालेल हे सांगायला नको.

१९५१मध्ये डांक्वा निवडून आले, पण त्यांच्या पक्षाचा धुव्वा उडाला. १९५४मध्ये ते स्वतःच्याच मुलखात हरले, आणि हरवणारा होता त्यांचाच पुतण्या, एनक्रुमांच्या पक्षाचा आरन ओफोरी-आट्टा. राजघराण्यातल्याच मुलाने राजघराण्याच्या वकिलाला पाडलं. त्याच निवडणुकीत, एनक्रुमांच्या पक्षाकडून, मेबल डोव्ह निवडून आल्या. आफ्रिकेत लोकांच्या मतांवर विधिमंडळात गेलेल्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. ज्या बाईंनी डांक्वांच्या दैनिकात स्त्रियांना वाचक म्हणून उभं केलं, त्या नव्या राजकारणाबरोबर पुढे गेल्या आणि डांक्वा मागे राहिले. १९५६मध्ये ते पुन्हा तिथेच हरले.

लोकांनी त्यांना मतं का दिली नाहीत, याचं माझं उत्तर असं: लोक काय म्हणतात ते त्यांनी फार ऐकलं, पण कागदावरचं. कोको शेतकऱ्यांच्या तक्रारी त्यांना तोंडपाठ होत्या. १९३७-३८मध्ये शेतकऱ्यांनी युरोपीय कंपन्यांना कोको द्यायचं बंद केलं तेव्हापासून त्या प्रश्नावर ते बोलत, लिहीत आले होते. सगळ्या पश्चिम आफ्रिकेसाठी नायजेरियात एकच विद्यापीठ पुरे, असा सल्ला १९४५मध्ये ब्रिटिश आयोगातल्या अल्पमताने दिला आणि सरकारला तो आवडला, तेव्हा गोल्ड कोस्टला स्वतःचं विद्यापीठ हवं आणि त्याचा पैसा कोकोतून उभा राहील, ही मागणी लावून धरणाऱ्यांत ते पुढे होते. १९४८मध्ये ते विद्यापीठ झालं, आजचं लेगॉनचं घाना विद्यापीठ. स्वतंत्र देशाला प्राचीन घाना साम्राज्याचं नाव द्यावं हा आग्रह त्यांनी कित्येक वर्षं धरला होता. ही सगळी कामं खरी आहेत. पण ती शिष्टमंडळाची, निवेदनाची, समितीची कामं आहेत. ज्याला त्याचा फायदा मिळाला त्या माणसाला डांक्वा कधी भेटले नव्हते. शिवाय त्यांच्या अंगाला दरबाराचा वास होता. राजे आणि गावप्रमुख यांच्याविषयी सामान्य तरुणाच्या मनात जो राग साठला होता, त्याचा धक्का त्यांना बसला.

१९६०मध्ये घाना प्रजासत्ताक झालं तेव्हा राष्ट्राध्यक्षपदासाठी एनक्रुमांविरुद्ध उभे राहिले ते डांक्वाच. एनक्रुमांना १० लाख १६ हजारांवर मतं पडली, डांक्वांना सव्वा लाखाच्या आत, साधारण अकरा टक्के. मतमोजणी प्रामाणिक होती का यावर तेव्हाही प्रश्न होते. पण मोजणी अगदी चोख झाली असती तरी डांक्वा जिंकले नसते, असं मला वाटतं.

आता खटला. मला ज्यासाठी हे उत्तर लिहावंसं वाटलं तो भाग हा.

स्वातंत्र्यानंतर सव्वा वर्षात, जुलै १९५८मध्ये, घानाच्या संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. समोर नमुना आपला होता, भारताचा १९५०चा कायदा. पण नमुना घेताना त्यातली कुलपं गळली. आपल्या घटनेच्या अनुच्छेद २२मध्ये सल्लागार मंडळ आहे, तीन महिन्यांच्या पुढे कुणाला ठेवायचं तर त्या मंडळाचा होकार लागतो. घानाच्या कायद्यात मंडळ नव्हतं. पाच दिवसांत कारणं कळवायची, कैद्याने लेखी म्हणणं मांडायचं, आणि ते वाचणार कोण, तर ज्यांनी आत टाकलं तेच. मुदत पाच वर्षांपर्यंत. ज्याने एमपीडीएच्या फाइली हाताळल्या आहेत त्याला हे वाचताच कळेल की इथे वकिलाला पकड घ्यायला कुठेच जागा ठेवलेली नाही.

सरकारची बाजूही सांगायला हवी. १९५४नंतर 'अशांती' नावाच्या प्रांतात कोकोच्या भावावरून उठलेल्या चळवळीत बाँब फुटले होते, माणसं मेली होती, घरं जळली होती. नवा देश फुटेल ही भीती बनावट नव्हती. साक्षीदार पुढे येत नाहीत, हे कारण तिथेही दिलं गेलं. आपल्याकडे प्रत्येक स्थानबद्धता आदेशात तेच वाक्य असतं, आणि कधीकधी ते खरंही असतं.

नोव्हेंबर १९५९मध्ये बाफोर ओसेई आकोटो आणि आणखी सात जणांना पकडलं. आकोटो हे अशांतीच्या राजाचे प्रमुख 'ओक्येआमे', म्हणजे दरबारात राजाच्या वतीने बोलणारे. वर सांगितलेल्या चळवळीचे संस्थापक अध्यक्षही तेच. उच्च न्यायालयाने त्यांचा हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद कायदेशीर आहे का ते न्यायालयाने तपासावं असा, अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलात डांक्वा उभे राहिले. न्यायपीठावर मुख्य न्यायमूर्ती आर्कू कोर्सा, न्यायमूर्ती व्हॅन लारे आणि न्यायमूर्ती आकिवुमी.

डांक्वांचे दोन मुद्दे मुख्य होते. पहिला मुद्दा १८१६च्या इंग्लिश हेबियस कॉर्पस कायद्यावर. गोल्ड कोस्टमध्ये २४ जुलै १८७४ रोजी इंग्लंडमध्ये लागू असलेले सर्वसाधारण कायदे स्वीकारले गेले होते, त्यात हा येत होता. त्यातली तरतूद न्यायाधीशाला अधिकार देते की तुरुंगाधिकाऱ्याने कैद का, याचं जे उत्तर दिलं त्यातली वस्तुस्थिती खरी आहे का ते तपासावं. डांक्वा म्हणाले, तपासा. हा मुद्दा किती धाडसाचा आहे ते आमच्या कामातल्या माणसाला लगेच जाणवतं. स्थानबद्धतेच्या याचिकेत आम्ही आरोप खरे की खोटे यावर सहसा बोलतच नाही. अर्जावर निर्णय द्यायला उशीर झाला, कागदपत्रं दिली नाहीत, दिली ती कैद्याला न कळणाऱ्या भाषेत दिली, जुन्या घटना आणि आदेश यांचा दुवा तुटला, अशा गोष्टींवर आदेश रद्द करून घेतो. अधिकाऱ्याचं समाधान झालं की नाही हे त्याच्यावर सोडलेलं असतं. डांक्वा त्या समाधानालाच हात घालत होते.

न्यायालयाने तो मुद्दा नाकारला. कायद्याने निर्णय कार्यकारी सत्तेवर पूर्णपणे सोपवला आहे, तेव्हा त्यामागची वस्तुस्थिती आम्ही तपासू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धातला लिव्हर्सिज विरुद्ध अँडरसन हा इंग्लंडचा निकाल आधाराला घेतला. युद्ध चालू असताना दिलेला निकाल शांततेच्या काळातल्या कायद्याला लावला, ही डांक्वांची तक्रार मला आजही रास्त वाटते.

दुसरा मुद्दा घटनेचा. १९६०च्या घटनेत मूलभूत हक्कांचं प्रकरण नव्हतं. होतं ते अनुच्छेद १३: राष्ट्राध्यक्षाने पद घेताच काही तत्त्वांवर निष्ठा जाहीर करायची. त्यात होतं की सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य यांसाठी लागतील तेवढी बंधनं सोडता धर्म, भाषण, फिरणं, जमणं आणि न्यायालयात जाणं यांपासून कुणाला वंचित करू नये. डांक्वांचं म्हणणं असं की हे घटनेत लिहिलं आहे म्हणजे संसदेच्या अधिकारावर ही मर्यादा आहे, आणि खटल्याविना पाच वर्षं डांबणारा कायदा ती मर्यादा ओलांडतो.

हातात मूलभूत हक्कांचं प्रकरण नसताना माणसाने हक्क शोधावेत ते कुठे, याचं हे उदाहरण मी कनिष्ठ वकिलांना नेहमी देतो. डांक्वांकडे आपल्यासारखा जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ नव्हता. त्यांच्याकडे फक्त एका माणसाने घेतलेली शपथ होती, आणि त्यांनी न्यायालयाला सांगितलं की ती शपथ कायदा आहे.

न्यायालयाने उत्तर दिलं की हे इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकाच्या शपथेसारखं आहे. त्याने राष्ट्राध्यक्षावर नैतिक बंधन येतं, मतदारांना मोजायला एक माप मिळतं, पण ते न्यायालयातून अंमलात आणता येत नाही. राष्ट्राध्यक्ष या तत्त्वांपासून ढळला तर लोकांचा उपाय मतपेटीत आहे, न्यायालयात नाही.

ज्या वकिलाला हे ऐकवलं गेलं तो सोळा महिन्यांपूर्वीच त्या मतपेटीतून हरून आला होता. आणि पुढच्या पाच आठवड्यांत काय झालं ते वर सांगितलं आहे. सेकोंदी-टाकोराडीला रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, सरकारने विरोधकांना पकडलं, त्यात डांक्वा होते. १९६२मध्ये सुटून आल्यावर देशाच्या वकील संघाने त्यांना अध्यक्ष निवडलं. एका अर्थी त्यांनी जिंकलेली ती मोठी निवडणूक, मतदार मात्र सगळे वकील.

त्या न्यायाधीशांचंही पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट १९६२मध्ये कुलुंगुगू इथे एनक्रुमांवर हातबाँब टाकला गेला. त्या कटाच्या खटल्यात तीन बड्या नेत्यांना, ज्यांत एनक्रुमांचं नाव मुळात सुचवणारे आको आजेही होते, डिसेंबर १९६३मध्ये न्यायालयाने निर्दोष सोडलं. न्यायपीठावर कोर्सा होते, व्हॅन लारे होते, आणि 'बिग सिक्स'मधले आकुफो-आडो होते. काही दिवसांतच कोर्सांना मुख्य न्यायमूर्तिपदावरून काढलं. सुटलेल्यांवर पुन्हा खटला चालवला. आकोटो निकालात ज्यांनी मतपेटीकडे बोट दाखवलं होतं, त्या न्यायमूर्तींना पुराव्यावर निकाल देण्याची मोकळीकही उरली नाही.

२ जानेवारी १९६४ रोजी एका पोलीस शिपायाने एनक्रुमांवर गोळ्या झाडल्या. ८ तारखेला डांक्वांना पकडलं. जानेवारीच्या अखेरीस देशात सार्वमत झालं: एकच पक्ष असावा का, आणि राष्ट्राध्यक्षाला वरिष्ठ न्यायाधीशांना काढता यावं का. सरकारी आकडा ९९.९१ टक्के होकाराचा. न्यायालयाने सांगितलेला उपाय तेव्हा हा असा उरला होता.

न्सावाममधून डांक्वांनी ९ मे १९६४ रोजी एनक्रुमांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. तुम्ही ते मिळवून वाचाच. त्यात ते गयावया करत नाहीत आणि आवेशही आणत नाहीत. फाशीच्या कैद्यांच्या भागात आपल्याला ठेवलं आहे, बायबलशिवाय पुस्तक नाही, कागद नाही, पत्नीला पत्र लिहिण्याची परवानगी मागितली तिला उत्तर नाही, हे क्रमाने सांगतात. मग आठवण करून देतात की १९४८मध्ये आपण दोघं एकाच वेळी इंग्रजांच्या कैदेत होतो. तेव्हा प्रत्येकाला सामानसुमानासह बंगला दिला होता, बाग होती, वाचायला-लिहायला मुभा होती, मी तर टाइपरायटर बरोबर नेला होता. आणि शेवटी विनंती: देशाच्या कामी काहीही न येता असं पडून राहण्याचा मला कंटाळा आला आहे, सोडून द्या.

या पत्राची रचना बघितली की लक्षात येतं की तो अर्ज आहे. वस्तुस्थिती, पूर्वीचा दाखला, मागणी. दाखला निवडलाय तो असा, की ज्याला पत्र लिहिलं त्याला तो नाकारता येऊ नये, कारण तो स्वतः त्याचा साक्षीदार आहे. एकोणसत्तरीला टेकलेला माणूस, कायद्याचं एकही पुस्तक जवळ नसताना, अखेरचा दरवाजा ठोठावतोय. सुटका झाली नाही. नऊ महिन्यांनी हृदयविकाराने ते गेले. त्यानंतर साधारण वर्षभराने, २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, लष्कराने एनक्रुमांचं सरकार उलथवलं.

घानात त्यांच्याविषयीचं भांडण अजून मिटलेलं नाही. 'बिग सिक्स'मधल्या आकुफो-आडोंचे चिरंजीव नाना आकुफो-आडो, जे आईकडून त्याच ओफोरी आट्टा घराण्यातले आणि स्वतःही वकील, २०१७मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने २०१९मध्ये ४ ऑगस्ट, सॉल्टपाँडच्या सभेचा दिवस, देशाच्या सगळ्या संस्थापकांचा दिवस म्हणून सुट्टीचा केला. २०२५मध्ये सरकार बदलल्यावर ती सुट्टी गेली आणि २१ सप्टेंबर, एनक्रुमांचा जन्मदिवस, पुन्हा एकट्या संस्थापकाचा दिवस झाला. मला या भांडणात एका बाजूला उभं राहावंसं वाटत नाही. लाखो सामान्य माणसांना राजकारणात आणणं हे एनक्रुमांचं काम डांक्वांच्या हातून झालं नसतं. पण डांक्वांना 'राजांचा वकील' म्हणून निकालात काढणाऱ्यांनी आकोटो खटल्यातली त्यांची बाजू एकदा वाचावी एवढं मात्र आग्रहाने म्हणेन. ती बाजू मांडताना त्यांच्यासमोर राजा नव्हता, खटल्याविना डांबलेले आठ जण होते.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने हे परक्या देशाचं म्हणून बाजूला ठेवू नये, याचं कारण तुम्हाला माहीत आहेच. आणीबाणीत मिसा या तेव्हाच्या स्थानबद्धता कायद्याखाली पकडलेल्यांचे अर्ज ऐकता येतात, असं नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं. २८ एप्रिल १९७६ रोजी एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते सगळं पुसलं. आपल्याकडे अनुच्छेद २१ होता, मूलभूत हक्कांचं अख्खं प्रकरण होतं, तरी निकाल जवळपास आकोटोच्या जागीच येऊन थांबला. फरक एवढा की आपल्या न्यायपीठावर न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते आणि त्यांचं विरोधी मत कागदावर राहिलं. आकोटोच्या निकालात विरोधी मत नाही. डांक्वांचा युक्तिवाद तेवढा आहे.

घानाने तो युक्तिवाद पुढे कसा स्वीकारला हे तुम्हाला अभ्यासासाठी हवं असेल तर १९९२ची घटना उघडा. पाचवं प्रकरण मूलभूत हक्कांचं आहे, आणि अनुच्छेद ३३ने ते हक्क उच्च न्यायालयातून मिळवता येतात. अनुच्छेद ३२ आणीबाणीतल्या स्थानबद्धांसाठी आहे: दहा दिवसांच्या आत वरिष्ठ न्यायालयांच्या किमान तीन न्यायमूर्तींच्या न्यायाधिकरणाने प्रकरण तपासायचं, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासायचं. आपला अनुच्छेद २२ शेजारी ठेवून तो वाचा. आकोटो निकालातले डांक्वांचे दोन्ही मुद्दे त्यात कुठे बसले आहेत ते तुमचं तुम्हाला सापडेल, आणि शोधनिबंधासाठी विषय शोधत असाल तर तोही तिथेच आहे.